पाचवीच्या वाटेवरचं पाणी

पोहायला मी शिकले ते चौतिशी ओलांडल्यावर, भर शाळेच्या वेळात आणि माझ्याच वर्गातल्या मुलींबरोबर. प्राथमिक शिक्षिकेच्या वाट्याला नाना कामं येतात. शिकवणं असतंच, शिवाय जनगणना, निवडणुका, अल्पबचत, कुटुंबनियोजनाच्या 'केसेस', लस टोचायच्या दिवशी पळणारी पोरं धरून आणणं. ती सगळी मी केली. पण पाठीला घासलेटचा रिकामा डबा बांधून गळाभर पाण्यात हातपाय मारायचे, हे काम कुठल्याच आदेशात नव्हतं. ते माझ्यावर एका नऊ वर्षांच्या मुलीनं आणलं.

मी रत्नागिरी शहरातली. ऐंशी सालानंतर माझी बदली राजापूर तालुक्यात झाली, नाटे गावाच्या बाजूला, मासेमारी करणाऱ्या एका वाडीत. शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी साळवी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापकही गुरुजीच. असे जोडवर्ग ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना वाटतं, एका खोलीत दोन इयत्ता म्हणजे नुसता कालवा. तसं नसतं. तिसरीला शुद्धलेखन घालून द्यायचं आणि चौथीला भागाकार समजवायचा. चौथी गणितं सोडवायला लागली की तिसरीच्या पाट्या तपासायच्या. एक कान इकडे, एक डोळा तिकडे. एकीकडे भात आणि दुसरीकडे कालवण शिजवणाऱ्या बाईला ही विद्या उपजत येते, पुरुषांना वेळ लागतो, असं मी म्हणायची. गुरुजींना ते पटायचं नाही.

पटावर बरीच मुलं होती, पण पट वेगळा आणि हजेरी वेगळी. मासळी भरपूर आली की हजेरी ओसरायची. मोठ्या मुली तर धाकटं भावंड कडेवर घेऊनच यायच्या. माझ्या चौथीतली चंद्रा रोज आपल्या भावाला, बारक्याला, घेऊन बसायची. एका हातानं त्याला थोपटायची, दुसऱ्या हातानं लिहायची. तिची आई यशोदा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकायला जायची, ती दुपार टळल्यावर परतायची. चंद्राला वाचनाचं वेड होतं. पुस्तक संपलं की पुडीचा कागद वाचायची.

अशा शाळेत एका जूनमध्ये सुरेश आपल्या मुलीला घेऊन आला. सुरेश वाडीतलाच, काशीआजींचा मुलगा. तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेला, फिरत फिरत नॉर्वे देशात पोचला, तिथल्याच एका नर्सशी लग्न करून गोदीत नोकरीला लागला. काशीआजी अंगणात पडून मांडीचं हाड मोडून बसल्या, तेव्हा तो वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन आईजवळ आला. बायकोला रजा मिळेना, म्हणून मुलीला बरोबर घेऊन आला. मुलीचे केस सोनेरी, डोळे मात्र थेट काशीआजींचे.

"नाव काय बाळ तुझं?" गुरुजींनी विचारलं.

"मारित."

"कोण मारीत?"

"मी मारित."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "कोणाला मारतेस?"

सुरेशला हसू आवरेना. तिकडे हे नाव मुलींना सर्रास ठेवतात, असं त्यानं सांगितलं. मग वयाचा प्रश्न निघाला. नऊ पूर्ण, म्हणजे आपल्याकडे चौथी. तिची मात्र तिथं दुसरीच झालेली.

"एक वर्ष वाया गेलं म्हणायचं," गुरुजी म्हणाले.

"वाया नाय गुरुजी. तिकडे सातव्या वर्षी शाळेत घालतात."

"मग सात वर्षं पोरं करतात काय?"

"खेळतात."

"खेळतात," गुरुजींनी तो शब्द सावकाश उच्चारून पाहिला आणि तिचं नाव चौथीत घातलं.

मारितला मराठी येत होतं, पण ते सगळं बापाकडून आलेलं. म्हणजे अस्सल वाडीचं. आणि बाप लेकीशी 'तू' म्हणूनच बोलणार, त्यामुळे 'तुम्ही' नावाचं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी बसकरावर मांडी घालून बसता बसता ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सुमन, माजे पाय दुकतंत. तू कशी बसतेस?"

मागून चंद्रा तिला दबक्या आवाजात म्हणाली, "अगो, बाई म्हनायचा."

"का? तिचा नाव सुमन हाय ना?"

तिच्या देशात मुलं शिक्षकांना नावानंच हाक मारतात, हे मला सुरेशनं नंतर सांगितलं. मी तिला समजावल्यावर ती 'सुमनबाई' म्हणायला लागली. गुरुजींच्या बाबतीत मात्र तिनं माघार घेतली नाही. कुठून तरी त्यांचं नाव शोधून काढलं आणि व्हरांड्यातून हाक दिली, "दत्ताराम, घंटा देऊ काय?" गुरुजींना त्यांची बायकोसुद्धा नावानं हाक मारत नसे. ते खुर्चीतून अर्धवट उठले, परत बसले आणि म्हणाले, "दे."

पाऊसपाण्याचा तिला त्रास झाला नाही. तिचं गाव पावसाचंच होतं. मासळीचंही तिला नवल नव्हतं. तिच्या आजोळी मोठमोठे मासे लाकडी मांडवावर टांगून वाळवतात, हे तिनं सांगितलं तेव्हा वर्गातली पोरं एकदम तिची झाली. "म्हंजे तुमच्याकडं पन सुकट असता," कुणीतरी समाधानानं म्हणालं. परदेश म्हणजे काय ते पोरांना तोवर कळत नव्हतं. आता कळलं, की जिथं सुकट घालतात पण मांडी घालत नाहीत तो परदेश.

अडचण आली ती काठीवरून. गुरुजी वाईट नव्हते, पण पाढा चुकला की हातावर निगडीची छडी, हा त्यांच्या पिढीचा शिरस्ता होता. मीही त्याच शिरस्त्यात वाढलेली. एका सकाळी शेजारच्या वर्गात एका मुलानं अकराचा पाढा चुकवला आणि दोन छड्या खाल्ल्या. पोरगं हात चोळून जागेवर बसलंसुद्धा. पण मारित माझ्या वर्गातून उठली, बाहेर जाऊन काजूच्या झाडाखाली बसली आणि काही केल्या आत येईना. शेवटी सुरेशला बोलवावं लागलं.

"तिकडे मास्तरानं पोराला हात लावला तर नोकरी जाते गुरुजी," सुरेश जरा शरमूनच म्हणाला. "तिनं असा कधी बघितलेलाच नाय."

"मग पोरं शिकतात कशी?"

"शिकतात."

"पाढे येतात?"

सुरेशनं मुलीकडे बघितलं. "पाढे नाय येत," तो म्हणाला.

गुरुजींना तेवढं पुरलं. त्यांचा चेहरा उजळला. ते स्वतः झाडाखाली गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी तिच्याशी करार केला. ती आहे तोवर छडी वाशावर राहील, आणि तिनं वर्षभरात वीसपर्यंत पाढे पाठ करायचे. मारितनं विचार केला आणि हात पुढे केला. गुरुजींना आधी कळेना, तिला हातावर छडी हवी की काय. मग त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. आयुष्यात पहिल्यांदाच करत असावेत.

करार दोघांनी पाळला. संध्याकाळी काशीआजींच्या पडवीतून बे एके बे ऐकू यायचं. आमचे कोकणी हेल आणि तिच्या देशाचे हेल असे एकमेकांत मिसळायचे की पाढा होता की ओवी होती ते कळत नसे. पुढचं इथंच सांगून टाकते. ती परत गेली आणि महिन्याभरात छडी वाशावरून खाली आली. पण गुरुजी ती आता टेबलावर आपटायलाच जास्त वापरत. माणूस एवढा बदलला तरी पुष्कळ, असं मी मानते.

सहामाही परीक्षेत तिला गणितात शंभरपैकी अडतीस गुण मिळाले. तिला आयुष्यात मिळालेले ते पहिले गुण. तिच्या शाळेत लहान मुलांना गुण देतच नाहीत, शिक्षक आईबापांना बोलावून काय येतं काय येत नाही ते सांगतात, झालं. त्यामुळे अडतीस म्हणजे काहीतरी मोठं बक्षीस आहे अशा समजुतीत ती घरोघर सांगत हिंडली. वाडीतल्या बायकांनीही कौतुक केलं. त्यांनाही शंभरपैकी म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नव्हतं. शेवटी चंद्रानं तिला खरं सांगितलं. मारित माझ्याकडे आली.

"चंद्राला एक्क्याण्णव, मला अडतीस. म्हंजे चंद्रा माज्यापेक्षा बरी?"

"गणितात बरी."

"मंग ती पुडं मोटी होऊन काय होनार?"

उत्तर वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं. चंद्रा पुढं काहीच होणार नव्हती. चौथी झाली की मुलींची शाळा संपायची.

पाचवी होती मोठ्या गावात. वाडी आणि गाव यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभर पाणी. भरतीला दोन पुरुष. होडी होती, पण होडीवाला वेळेवर असेलच असं नाही. मुलगे पोहत, नाहीतर चड्डी डोक्याला बांधून जात. मुलींना पोहता येत नसे. काही वर्षांपूर्वी चंद्राची मामेबहीण पाचवीत जात होती. एकदा होडीची वाट न बघता पाण्यातून निघाली, चढत्या भरतीत सापडली आणि बुडाली. तेव्हापासून वाडीतली एकही मुलगी पलीकडे शाळेत गेली नव्हती. मला ते ठाऊक होतं. दर एप्रिलला मी घरोघर जाऊन 'पोरीला शिकवा' सांगायची, बायका चहा द्यायच्या आणि खाडीकडे बोट दाखवायच्या.

दिवाळीनंतर एका रविवारी मारितनं चंद्राला पलीकडच्या बाजाराला चल म्हटलं. चंद्रा होडीत पाय ठेवेना. दुसऱ्या दिवशी मारित शाळा भरायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात हजर.

"सुमनबाई, चंद्रा समुद्राकडं राहते आनि तिला पवता येत नाय."

"मुलींना शिकवत नाहीत."

"आमच्या शाळेत सगळ्यांना शिकवतात. गाडीत घालून तलावावर नेतात. नाय आला तर परत नेतात. तू का नाय शिकवत?"

"मलाच येत नाही."

तिला नवल वाटलं. शिक्षकाला न येणारी गोष्ट असू शकते, याचं नव्हे. ते तिनं सहज मान्य केलं. तिला नवल वाटलं ते मी स्वस्थ बसले होते याचं. "मंग तू पन शिक," ती म्हणाली, "माजा बाबा शिकवेल."

सुरेश तयारच होता. पण वाडी तयार हवी. काशीआजींना खाटेवरून उठता येत नव्हतं, म्हणून त्यांच्याच अंगणात बायकांना जमवलं. सुरेशनं विषय काढला आणि चुळबूळ सुरू झाली.

"बायकामान्सांनी दर्याच्या पान्यात उतरायचा नसता," एक म्हातारी म्हणाली.

खाटेवरून काशीआजींचा आवाज आला. "दर्यात कोन सांगतोय? खाडीत उतरतील. आनि तिसऱ्या काडायला कंबरभर पान्यात असता, तेवा काय आबाळात असता?"

बायका हसल्या. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, त्या काढणं हे बायकांचंच काम. मग चंद्राची आई यशोदा उठली. बुडालेली मुलगी तिच्या भावाची होती. ती हसली नव्हती.

"सुरेशभावजी चांगले हायत," ती म्हणाली, "पन पुरुषमानूस. पोरी वाडत्या वयाच्या. बाई पान्यात असतील तर माजी चंद्रा उतरंल. बाई काटावर नाय, पान्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रत्नागिरीत आमचं घर मांडवीच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण मी घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "असेन."

खोलीवर येऊन मी एक जुनं लुगडं शोधून बाजूला काढलं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शारीरिक शिक्षणाचा तास आणि त्याला जोडून कार्यानुभवाचा, असे दोन तास गुरुजींनी आमच्या नावे करून दिले आणि माझ्या वर्गातले मुलगे आपल्या वर्गात बसवले. ज्या शनिवारी सकाळी भरती असे, तेव्हा पाणी भरून थांबलं की फाट्याच्या एका आडोशाच्या वळणावर आम्ही उतरायचो. मुली परकर-पोलक्यात, मी जुन्या लुगड्याचा कासोटा मारून. पाठीला रिकामे, तोंड बंद केलेले डबे. सुरेश लांब होडीत उभा राहून सूचना द्यायचा आणि पाण्यात मारित एकेकीचं पोट तळहातावर धरून ठेवायची. नऊ वर्षांची पोर मला सांगायची, "सुमनबाई, पान्याला मारू नको. त्याला ढकल."

मी मारतच होते. महिनाभर मी फक्त खाडीचं पाणी प्यायले. मुली माझ्या आधी शिकल्या. डबा पहिला सुटला तो चंद्राचा, आणि कळलं तेव्हा ती पाच-सहा हात पुढं गेलेली होती. तिनं मागं वळून बघितलं, डबा माझ्याजवळ तरंगत होता, आणि ती नुसती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मी आजवर हजारो मुलांना पहिलं वाक्य वाचताना पाहिलंय. तोच चेहरा.

या सगळ्यात दोन्हीकडच्या बालपणाची तुलना रोज चालायची, आणि दर वेळी आपण हरत होतो असं नाही. एकदा कपडे वाळत घालून आम्ही काठावर बसलो होतो. चंद्रा बारक्याला खेळवत होती. मारित म्हणाली, मुलांनी मुलांना सांभाळायचं हे बरोबर नाही, तिच्या देशात असं करत नाहीत. त्या दिवशी लवकर परतलेली यशोदा तिथंच पाटी उतरवून टेकली होती. तिनं विचारलं, "तुजी आई कामाला, बापूस कामाला. शाळेतनं येतेस तेवा घरात कोन असता?"

"कोन नाय. माज्या गळ्यात किल्ली असते."

"जेवायला कोन वाडता?"

"मी घेते. पाव असतो."

"मंग बोलतेस कोनाशी?"

मारित म्हणाली, "हिवाळ्यात लवकर काळोख पडतो. मी सगळे दिवे लावते." यशोदानं बारक्याला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून मारितनं तो विषय पुन्हा काढला नाही. उलट बारक्याला कडेवर घ्यायच्या पाळ्या लावल्या.

फेब्रुवारीत एका शनिवारी शिक्षण विस्तार अधिकारी अचानक आले. नवे होते, सांगलीकडचे. एसटीतून उतरून उन्हातून चालत शाळेत पोचले तो तिसरी-चौथीचा वर्ग रिकामा. साळवी गुरुजींना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं, "बाई पाण्यात आहेत."

आम्हाला दिसलं ते असं. वळणावरून बुटांत वाळू भरलेले साहेब येताहेत आणि मागून गुरुजी टोपी हातात घेऊन. मी गळाभर पाण्यात. बाहेर यावं तर लुगडं ओलं, अंगाला चिकटलेलं. आत राहावं तर साहेबांसमोर हे असं. मी आतच राहिले.

"बाई, हे काय चाललंय म्हणायचं?"

"शारीरिक शिक्षण, साहेब."

"मुलींना पोहायला? कुठल्या अभ्यासक्रमात आहे हे?"

मी पाण्यात उभ्या उभ्या शब्द जुळवत होते. नोकरीवर येईल असं वाटत होतं. घरी म्हातारे आईवडील माझ्याच पगारावर होते. तेवढ्यात साहेबांनी जवळच्या मुलीला विचारलं. ती नेमकी चंद्रा होती.

"काय गं, कशाला शिकतीयास पोहायला?"

"पाचवीत जायला," चंद्रा म्हणाली.

साहेबांना कळलं नाही. गुरुजींनी हातानं पलीकडचं गाव दाखवलं, मधलं पाणी दाखवलं, आणि बुडालेल्या मुलीबद्दल दोन वाक्यांत सांगितलं. साहेब एका खडकावर बसले, बूट काढून वाळू झटकली आणि म्हणाले, "तपासणीला आलोय तर तपासणी करूनच जाणार. तेरा सत्ते?"

"एक्क्याण्णव," चंद्रा पाय मारत म्हणाली.

"सतरा चोक?"

"अडुसष्ट," दुसरी.

"ती सोनेरी केसांची. नऊ नव्वे?"

मारितनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. "नऊ नव्वे एक्क्याऐंशी," ती तिच्या हेलात म्हणाली, आणि त्या आनंदात पाण्याखाली गेली. वर आली तेव्हा साहेब हसत होते. नद्या, जिल्हे, भागाकाराची तोंडी उदाहरणं, सगळी तपासणी त्यांनी खडकावर बसून घेतली आणि वर्गानं ती पाण्यात तरंगत दिली. जाताना मला म्हणाले, "बाई, तुम्हाला येतं का?"

"शिकतेय, साहेब."

"आमच्याकडं कृष्णेत म्हशी पोहायच्या, आम्ही काठावर," ते म्हणाले आणि बूट हातात घेऊनच निघाले. ठपका आला नाही. शाबासकीही आली नाही, पण आमच्या खात्यात ठपका न येणं हीच शाबासकी असते.

वार्षिक परीक्षेत मारितला गणितात एकसष्ट गुण मिळाले. यावेळी तिला कळत होतं, तरी तिनं कोणाला सांगितलं नाही. मेमध्ये तिची आई तिला न्यायला आली. उंच, शांत बाई. काशीआजींना ती ज्या हातांनी कुशीवर वळवायची ते बघून वाडीनं तिला पास केलं. निघायच्या दिवशी मारित गुरुजींच्या पाया पडली, चंद्रानं शिकवलं होतं तसं, आणि उठून म्हणाली, "येते दत्ताराम." गुरुजी उगाचच अंगणातल्या कोंबड्या हाकलायला लागले.

सुरेशची रजाही संपली होती; एसटी तिघांना घेऊन गेली. मग खरा प्रश्न उरला.

जूनच्या आधी मी यशोदाकडे गेले. ती म्हणाली, "पवता येता, ता मी बगितला. भ्या गेला. पन ती गेली तर बारक्याला कोन बगनार? मी बाजार बंद करू?"

मी काशीआजींकडे जाऊन बसले. घर रिकामं झालं होतं. सुरेशनं शेजारच्या बाईला त्यांचं करायला ठेवलं होतं, पण त्या जेवत नव्हत्या. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मी सहज यशोदाचं बोलणं सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, तशाच म्हणाल्या, "त्याला हितं आनून टाकायला सांग."

"आजी, तुम्हाला उठता येत नाही. तो पळतो."

"पळू दे की. दार लावून घेतला म्हंजे पळंल कुटं? पडवीभर पळंल. माजी जीब चालता हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "घरात कोनी रडनारा नसला की घास उतरत नाय बाय."

त्या जूनला वाडीतल्या पाच मुली पाचवीला गेल्या. पुढं त्यांतल्या दोघींची शाळा मध्येच सुटली. एकीचं लग्न कोवळ्या वयात लावून दिलं, आणि मला ते थांबवता आलं नाही याची चुटपुट अजून आहे. चंद्रा मॅट्रिक झाली, नर्सिंगला गेली, आता रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला स्वतःच्या घरात राहते. नॉर्वेहून कधीमधी फोन येतो तो तिच्याकडेच, आणि दोघी अजून वाडीच्या बोलीत बोलतात.

पण मला आठवतो तो पहिला दिवस. भरती चढत होती. होडीवाला यावेळी वेळेवर होता. मुली दप्तरं मांडीवर घेऊन होडीत बसल्या आणि होडी पलीकडे निघाली. बायका बघून बघून आपापल्या कामाला पांगल्या. यशोदा मात्र मासळीची पाटी खडकावर ठेवून उभी होती. बाजाराला उशीर होत होता, मासळीवर माश्या घोंगावत होत्या. होडी पलीकडे टेकली, मुली उतरल्या, गावच्या चढणीवर दिसेनाशा झाल्या, तरी ती हलेना.

मी जवळ जाऊन म्हटलं, "पोचली गं. जा आता."

"बाई," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "रोज जानार ती. मला पन शिकवा पवायला. उद्या काय झाला तर मला उडी मारता यायला हवी."

मला स्वतःला धड येत नव्हतं. मी तिला शनिवारी सकाळी ये म्हणून सांगितलं, आणि डबा घेऊन ये म्हटलं.